ट्रकचं टोपडं

माय,

तुझ्या ट्रकला मी नवं नाक बसवलं. हे ऐकलंस की पहिला प्रश्न तू काय विचारशील ते मला ठाऊक आहे. 'काऊन? जुन्याले काय झालतं?' तेच सांगायला बसलोय. देवळीच्या घराचा ओटा, रविवारची सकाळ, समोर कडुनिंबाखाली ट्रक उभा आहे आणि त्याच्या टपावर एक साळुंकी बसून नव्या पाइपाकडे मान वाकडी करून बघते आहे. तुला मी आजवर एकही पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्याइतके आपण कधी दूर राहिलोच नाही. दादा मास्तर होऊन आष्टीकडे गेला तेव्हा त्याची पत्रं यायची. ती तू एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायचीस आणि वाचून झाल्यावर म्हणायचीस, 'यात खाल्लं का नाई खाल्लं ते तं लिवलंच नाई यानं.' म्हणून आधी सांगतो, पोहे खाल्ले, दोन वेळा चहा झाला. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. गाडी अजून चालते.

'गाडी माझ्या आईची' असं मी म्हणतो तेव्हा नवीन माणसाला वाटतं, बाई ट्रक चालवायची की काय. चालवायचे बाबा. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर त्यांनी ही स्वतःची घेतली, मी तेव्हा विशीत होतो. पण गाडी दारात आल्याच्या तिसऱ्या दिवशी तू बॉनेटखाली डोकं घालून विचारलंस, 'हे डबडं कायचं?' ते हवा गाळायचं डबडं होतं, जुन्या पद्धतीचं. खाली तेलाची वाटी आणि वर तारेची जाळी. इंजिन जी हवा ओढतं ती आधी त्या तेलावरून जाते, जड धूळ तेलात बसते आणि उरलेली जाळीला चिकटते. बाबांनी हे सगळं हातवारे करून समजावलं आणि तू एवढंच म्हणालीस, 'म्हंजे गाळणीच होय. मंग हे काम माह्यं.' त्या दिवसापासून दर रविवारी ते डबडं आपल्या न्हाणीत यायला लागलं. पदर खोचून तू बसायचीस. घमेल्यात डिझेल, त्यात जाळी बुडवायची, झटकायची, पुन्हा बुडवायची. काळं झालेलं तेल काढून वाटी चिंधीनं पुसायची आणि नवं तेल खुणेपर्यंत ओतायचं, खुणेच्या वर एक थेंब नाही. बाबा घाई करायचे, 'थोडं जास्त पडलं तं काय होते?' तू म्हणायचीस, 'मंग तुमीच बसा धुवायले.' ते काही बसायचे नाहीत. डबडं जागेवर लागलं की तू त्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट घालून फिरवायचीस आणि बोट उजेडात धरून बघायचीस. घासलेल्या पातेल्यांचीही तू अशीच परीक्षा घ्यायचीस. बोट स्वच्छ निघालं तर गाडी पास, मळलं तर सगळं पहिल्यापासून. पुढं आयटीआयमध्ये आमच्या सरांनी हीच परीक्षा फळ्यावर लिहून शिकवली. मी वर्गात मोठ्यानं हसलो आणि तो तास बाहेर उभा राहून काढला.

मग कापसाचा हंगाम आला. खेड्यांतून कापूस भरायचा आणि जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन टाकायचा, हे बाबांचं रोजचं काम. जिनाच्या आवारात हवेत रुईच तरंगत असते. ती उडती रुई आपल्या जाळीला अशी लपेटून बसायची की दोन दिवसांत गाडी धापा टाकायला लागायची. बाबा काडीनं उकरत बसायचे आणि शिव्या घालायचे. एक दिवस ते नको नको म्हणत असताना तू गाडीत चढून त्यांच्याबरोबर जिनात गेलीस, तासभर आवारात उभी राहून बघत राहिलीस, घरी आलीस आणि ट्रंकेतलं एक जुनं मऊ लुगडं काढून हवेच्या तोंडाच्या मापाचं टोपडं शिवलंस. दुपदरी, नाडीचं, बाळाला घालतात अगदी तसं. कडेला लाल काठसुद्धा लावलास. रुई बाहेरच्या बाहेर त्या टोपड्याला चिकटायची. ड्रायव्हरनं खाली उतरून झटकलं की झालं काम. जिनातले बाकीचे ड्रायव्हर बाबांना विचारायचे, 'काऊन जी, लेकराले सर्दी झाली का?' बाबा आठ दिवस लाजले. नवव्या दिवशी त्याच हसणाऱ्यांपैकी दोघं आपल्या दारात टोपडं मागायला उभे होते.

आपल्या गाडीसाठी तू सहा शिवली होतीस, रोज एक धुतलेलं हवं म्हणून. ती सहाच्या सहा दोरीवर ओळीनं वाळत असलेली बघून शेजारची काकू एका दुपारी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊनच आली. 'सुनबाईचं आमाले सांगतलं नाई तुमी! कितवा लागला?' वहिनीचं लग्न होऊन जेमतेम दीड महिना झालेला. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, शेंगा तिथंच टाकून आत पळाली. तू हसताना खाली बसलीस, काकूला खरं काय ते सांगायचा तीनदा प्रयत्न केलास आणि तिन्ही वेळा टोपड्यांकडे बोट दाखवून पुन्हा हसत सुटलीस. मी आजही ते बघतो. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, काकू डबा धरून तशीच उभी आहे, दोरीवर टोपडी हलताहेत. समजल्यावर काकूही हसली आणि डबा परत न्यायला लागली. तू तो तिच्या हातातून काढून घेतलास. 'आणले तं आता राहू दे.'

मला मात्र त्या टोपड्याची लाज वाटायची. डिझेल मेकॅनिकचा कोर्स पुरा झाला होता, खिशात सर्टिफिकेट होतं, आणि जास्त हवा मिळाली की इंजिनाचा जोर वाढतो एवढं अर्धं वाक्य मला समजलं होतं. बाबांची कंबर धरली, गाडी माझ्या हातात आली आणि पहिल्याच आठवड्यात मी टोपडं सीटखाली कोंबलं, तारेची जाळी काढून माळ्यावर लपवली आणि डबड्याला छिन्नीनं आठ भोकं पाडली. गाडी काय पळाली, माय! आवाजच बदलला. जो चढ ती भरलेली असताना तिसऱ्या गिअरात रडत चढायची, तो चौथ्यात चढायला लागली. देवळीच्या बसस्टँडसमोरून मी कामाशिवाय दोन दोन चकरा मारायचो. तू विचारलंस, 'गाडी शिटी काऊन मारून राह्यली?' मी म्हणालो, 'खूश हाये ते.' तू म्हणालीस, 'रविवारी जाळी आणजो धुवायले.' मी म्हणालो, मीच धुतली. पुढचे पाच-सहा महिने दर रविवारी मी हेच म्हणत राहिलो.

मग गाडी तेल प्यायला लागली. मागून निळा धूर, आणि एका सकाळी चालूच होईना. इंजिन उघडावं लागलं. मिस्त्रीनं पिस्टन काढून ओट्यावर कागद पसरून त्यावर मांडले. सगळ्यांवर ओरखडे, आणि कड्या झिजून पातळ झालेल्या. तू एका पिस्टनवरून बोट फिरवलंस, बोटाला लागलेली बारीक रेती अंगठ्यानं चोळून बघितलीस, एकदा माझ्याकडे बघितलंस आणि स्वयंपाकघरात गेलीस. मला वाटलं, सुटलो. दुपारी पानं वाढली. बाबांच्या ताटात नेहमीची ज्वारीची भाकर. माझ्या ताटात एक जाडीभरडी भाकर, कोंडा वरूनच दिसतोय, आणि काठोकाठ वाटीभर वरण. दुसऱ्याच घासाला दाताखाली खडा येतो. तिसऱ्याला आणखी एक. मी बाबांकडे बघतो, बाबा मिशीत हसताहेत. मी म्हणतो, 'माय, डाळीत खडे हायेत.' तू म्हणतेस, 'हो. निवडली नाई.' 'भाकरीत कोंडा हाये.' 'पीठ चाळलं नाई. चाळायले येळ लागते ना बावा, अन् चाळलं की पीठ बी कमी होते. तुले तं भरपूर पाह्यजे ना? म्या भरपूर वाढलं. खाय.' मी खाल्लं. सगळं खाल्लं, कारण तू समोर पाटावर बसून होतीस.

जेवण झाल्यावर तू म्हणालीस, 'हवा लागते हे मले समजत नाई असं वाटते का तुले? रोज चूल कोण पेटवते? फुंकणी मारली की जाळ वाढते, हे पोट्ट्याइले बी ठाऊक हाये. पण राखेत फुंकलं तं डोये भरते.' मग ताकाचा गडू पुढं केलास. मी तो पिण्याआधी उजेडात धरून आत बघितलं, आणि आधी तूच हसलीस. डबड्याची भोकं बुजवून, जाळी परत बसवून इंजिन बांधून झालं त्या दिवशी तू मला दोन सेलची बॅटरी आणून दिलीस, पितळी रंगाची. 'आतनी पाहत जाजो,' एवढंच बोललीस. माझ्या लग्नात मिळालेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ती बॅटरी मी जास्त जपली.

तुझ्यामागे मी शहाण्यासारखा वागलो असं लिहायला मला फार आवडलं असतं. ते तेलाचं डबडं गंजून फुटलं तेव्हा मी त्या जागी कागदी फिल्टरचं एक लहानसं डबडं बसवलं, कारण दुकानात तेच तयार होतं. कागदी फिल्टर टायरवर आपटून साफ करायचा, ही आम्हा सगळ्या ड्रायव्हरांची रीत. आपटला की धूळ खाली पडलेली दिसते आणि जीव शांत होतो. दर आपटण्याला कागदाला बारीक चिरा जातात हे मला शिकवलेलं होतं, तरी मी आपटत राहिलो. गाडीचा जोर कमी झाला की इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या मिस्त्रीकडे जायचं, तो पंपातून डिझेल थोडं वाढवून द्यायचा. चार दिवस बरे जायचे, मग काळा धूर, की पुन्हा थोडं डिझेल. इंजिनाला हवा मिळत नव्हती आणि मी त्याला नुसतं खाऊ घालत होतो. टोपडी तर कधीच विरून गेली होती आणि नवी शिवायचं मला सुचलंही नाही.

याच हंगामात त्याचं फळ मिळालं. सरकीची पोती भरून तेलाच्या मिलकडे चाललो होतो. तळेगावचा घाट चढताना अर्ध्यावर गाडीनं दम सोडला. पहिला गिअर टाकूनही हलेना. मागं गाड्यांची रांग, आणि असा काळा धूर की मागच्या बसमधल्या लोकांनी भरदुपारी खिडक्या लावून घेतल्या. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. तो व्हिडिओ फिरत फिरत आपल्या घरच्या ग्रुपवर आला, चुलतभावांनी खाली हसणारी तोंडं टाकली आणि तासाभरात दादाचा फोन. दादा आता हेडमास्तर म्हणून रिटायर होऊन बोरगाव मेघेत राहतो, पण आवाज अजून शाळेच्या मैदानावरचाच आहे. 'पाह्यलं म्या. लोकं नाकाले रुमाल लावून राह्यले. अन् गाडीच्या कपायावर "आईची कृपा" लिवून हाये! लाज वाटते का नाई तुले?' मी म्हणालो, घाटात एखाद्या वेळी होतं असं. तो म्हणाला, 'सत्तावीस वर्षं झाली तिले. माणूस बी रिटायर होते. देऊन टाक भंगारात.'

बाबा आणि तू गेल्यानंतर गाडीच्या कागदांवर आम्हा दोघांची नावं आहेत, त्यामुळे त्याचं बोलणं वाऱ्यावर सोडता येत नव्हतं. पण मला राग आला. मी म्हणालो, 'तू रिटायर झाला तं सगळ्याइले रिटायर करशील का?'  आणि लगेच म्हणालो, 'मले एक महिना दे. तिचा श्वास मोकळा करतो. भरलेली गाडी तोच घाट चढन, न थांबता, बिना धुराची. तू बाजूले बसून पाह्य.' 'अन् नाई चढली तं?' 'तं मी सोता भंगारवाल्याच्या दारात नेऊन उभी करतो.' 'न थांबता म्हंजे न थांबता.' 'हो.' फोन ठेवला. ही गाडी गेली असती तर मी काही उपाशी राहिलो नसतो, दुसऱ्या कुणाची चालवली असती. पण जिच्या नळीत तुझं बोट फिरलंय ती गाडी कुणीतरी गॅसनं कापून तुकडे तुकडे करणार, हे मला सहन होणार नव्हतं. सरळ सांगतो, दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

वर्ध्याचा एक मिस्त्री आयटीआयत माझ्या शेजारी बसायचा, त्याला बोलावलं. मी पंपाचं बोलायला लागलो तर तो म्हणाला, 'पंप मंग पाहू. आधी मले तिचं नाक दाखव.' इंजिन चालू करून एक्सलेटर दाबला, आणि आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. डबड्यापासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी इतकी मऊ पडली होती की जोर लावला की आतल्या आत चिपकायची. 'हे पाह्य,' मिस्त्री म्हणाला, 'नरडंच दाबून राह्यलं हिचं, अन् तू पंपावर पंप वाढवून राह्यला.' मग मी नळीत बोट घातलं. काय निघालं ते तुला सांगत नाही. डबड्याचं तोंडही बॉनेटखाली, चाकांची धूळ आणि इंजिनाची गरम हवा जिथं येते तिथंच होतं. इतकी वर्षं मी गाडीत रोज बसत होतो आणि ती काय ओढून घेते हे एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी आयुष्यात सगळ्यात जास्त मजेत घालवले. एका मोठ्या गाडीचं फिल्टरचं डबडं मिळवलं, जुन्याच्या दुप्पट, आत दोन फिल्टर, बाहेरचा फाटला तरी आतला इंजिनाला वाचवतो. तिथून लोखंडी पाइप केबिनच्या पाठीमागून टपाच्या वर काढला, म्हणजे थंड आणि स्वच्छ हवा मिळेल. मिस्त्री पाइपाला काटकोनात वळवून वेल्डिंग करायला निघाला होता, सोपं पडतं म्हणून. मी म्हणालो, हवेला असं कोपऱ्यावर धडकवायचं नाही, गोल वळण दे. त्यानं दिलं, मला पटलं नाही, कापलं. दुसऱ्यांदा दिलं, पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, 'तू मायवर गेला बावा,' आणि मला इतका आनंद झाला की मी त्याला दुपारी घरी जेवायला नेलं. रबरी नळी आता आत तार असलेली, चिपकणार नाही अशी. पाइपाच्या डोक्यावर एक पारदर्शक वाटी, हवा तीत आधी गरगर फिरते आणि जड धूळ कडेला पडते. फिल्टर कोंदला की लाल खूण दाखवणारं एक छोटं यंत्र डॅशबोर्डवर. सगळ्यात शेवटी पंपाचं डिझेल, जे मी वर्षानुवर्षं वाढवत नेलं होतं, ते परत मूळच्या जागी आणलं. एवढं करून मिस्त्री म्हणाला, 'धुळीचं झालं. पण जिनातल्या रुईचं काय?' माझी बायको चहाचे कप उचलत होती. तिनं कप खाली ठेवले आणि म्हणाली, 'तोंडाचं माप द्या मले.' दुसऱ्या दिवशी टोपडं तयार. 'सासूबाईनं नाडी लावली होती, म्या इलास्टिक लावलं. येवढंच काय ते नवीन,' असं म्हणून तिनं ते स्वतः टपावर चढून पाइपाला घालून बघितलं. नियम मात्र कडक केला. जिनाच्या फाटकात शिरताना टोपडं घालायचं, बाहेर पडताना काढायचं. रस्त्यावर नाही. ओलं झालं तर तेच गळा दाबेल.

परवा शुक्रवारी परीक्षा होती. सरकीची पोती भरली, गेल्या वेळेइतकीच, दादानं स्वतः मोजली. तो इस्त्रीचा शर्ट घालून, एक उशी आणि पाण्याची बाटली घेऊन आला होता. तू गेल्यापासून तो या गाडीत बसला नव्हता. चढताना त्याचा गुडघा दुखला, मी हात दिला, त्यानं घेतला नाही.  तळेगावला चहा घेताना त्यानं विचारलं, 'थांबली तं भंगारात, मान्य?' मी म्हणालो, मान्य. मग त्यानं आपल्या बाजूचा आरसा असा वळवला की मागचा धूर दिसावा, आणि चष्मा पुसून घातला.

घाट लागला. तिसरा गिअर. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि मला आवाज ऐकू आला. इंजिनाचा नाही, वरच्या पाइपातून हवा ओढल्याचा, एकसारखा, न अडखळता. लाल खूण कुठंच नाही. मी सुखात होतो, आणि नेमका तेव्हाच आमच्या पुढं एक लांबलचक ट्रेलर लागला, चालत्या माणसाच्या वेगानं चाललेला. बाजूला जागा नाही. दादा पुढं वाकला. 'आता?' मी दुसरा टाकला. गाडीचा वेग गेला. ट्रेलर आणखी हळू झाला. मागच्या वेळी जिथं गाडी मेली होती ती जागा येत होती, मला तिथला प्रत्येक दगड ओळखीचा. दादाला मी विचारलं, 'धूर?' तो म्हणाला, 'चूप. समोर पाह्य.' मी समोर बघत राहिलो. गाडी थरथरत होती, पण सरकत होती. ती जागा आली आणि मागं गेली. आणि दादाचा आवाज फुटला, 'नाई! नाई बे! मागचं आरपार दिसून राह्यलं!' तेवढ्यात ट्रेलरवाल्यानं डावीकडं घेऊन हात दाखवला. मी दाबलं. आणि आपला रिटायर हेडमास्तर, ज्यानं शाळेत कधी पोरांना वर्गात ओरडू दिलं नाही, तो डॅशबोर्डवर दोन्ही हात आपटत ओरडत होता, 'मार! मार! घे याले! घे!' आम्ही ट्रेलरच्या पुढं निघालो तेव्हा त्यानं खिडकीतून त्या ड्रायव्हरला सलाम ठोकला. मी हसत होतो की ओरडत होतो, मला सांगता येणार नाही.

वर सपाटीवर गाडी बाजूला घेतली. दादा सावकाश उतरला, समोर गेला, बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून लगेच उचलला. 'ठेव लेका,' तो म्हणाला. 'मी जिता आहो तितपर्यंत हिले कोणी हात लावणार नाई.' मग एकदम, 'अरे, तू मोबाइलवर घेतलं का नाई? त्या ग्रुपवर टाकाले पाह्यजे ना!' मी म्हणालो, स्टेअरिंग सोडून घेऊ का? मग आम्ही गाडीसमोर उभं राहून फोटो काढला. त्यात दोघांचेही डोळे मिटलेले आले आहेत, तोच टाकला. त्यानंतर तो दरीच्या कडेला गेला. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, 'मायले काय वाटलं असतं रे आज?' मी म्हणालो, 'मी तं पूर्ण घाट तिलेच आठवून राह्यलो होतो, दादा.' त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि उरलेला सगळा रस्ता आम्ही तुझ्याबद्दल बोलत गेलो.

मी खोटं बोललो, माय. हे दादाला सांगायची हिंमत नाही, आणि हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणूनच लिहितोय. सोळा वर्षांत मी बॉनेट उघडलं आणि तू आठवली नाहीस, असं एकदाही झालं नाही. कधी कधी तर तेवढ्यासाठीच उघडलं. पण परवा पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत तू एकदासुद्धा मनात आली नाहीस. गिअर होता, ट्रेलर होता, दादाचं ओरडणं होतं, वरून हवा ओढली जात होती आणि मी इतका खूश होतो की दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. वर आल्यावर दादानं तुझा विषय काढला, तेव्हा मला आठवलं की तू नाहीस.